लेजरकाका

निवृत्त बँकवाला ओळखायला ओळखपत्र लागत नाही. त्याच्या पाकिटातल्या सगळ्या नोटांवरचे गांधीजी एकाच दिशेला बघत असतात. नोट एकच असली तरी तो ती दोनदा मोजतो. तारीख घातल्याशिवाय सही करत नाही आणि पावती हातात पडल्याशिवाय गणपतीची वर्गणीही देत नाही. घरातल्या फोनशेजारचं बॉलपेन त्यानं दोरीनं बांधून ठेवलेलं असतं. सोसायटीचा खजिनदार म्हणून त्याला निवडून द्यावं लागत नाही; बाकीचे उमेदवार आपणहून बाजूला सरकतात. डोंबिवली, मुलुंड, पार्ले, कोथरूड, कुठेही जा, दर दोन इमारतींमागे असा एक सापडतोच, आणि तो शेजारच्या इमारतीतल्याच्या हिशेबात चुका काढत असतो.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या नमुन्याचं नाव पोरांनी ‘लेजरकाका’ ठेवलंय. टँकर आला नाही, लिफ्ट बंद पडली, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, काहीही सांगायला जा, काकांचा पहिला प्रश्न एकच: “नोंद कुठाय?” नोंद नसेल तर त्यांच्या लेखी ती गोष्ट घडलेली नसते.

१९ जुलै १९६९ ला चौदा बँका सरकारच्या झाल्या, गावोगाव शाखा निघाल्या, आणि बी.कॉम. झालेल्या मराठी पोरांची एक अख्खी पिढी काउंटरच्या आत जाऊन बसली. काका त्यातलेच. फोर्टमधल्या एका शाखेत क्लार्क म्हणून चिकटले आणि अधिकारी होऊन बाहेर पडले. बँकेतून येताना त्यांनी टाचणीसुद्धा आणली नाही, शिस्त मात्र सगळी घरी आणली. दूधवाल्याचं बिल द्यायचं तर काका आधी बेरीज वरून खाली करतात, मग खालून वर. रक्कम अक्षरी लिहून पुढे ‘फक्त’ घालतात आणि कागद स्वयंपाकघरात पाठवतात. काकू कणकेचा हात पुसून सही करतात. मग कपाट उघडायचं. तेही दोघांनी मिळून, कारण त्याला दोन कुलपं आहेत आणि एकेक किल्ली एकेकाकडे. ज्यानं लिहिलं त्यानंच पास करायचं नाही, हा नियम. दूधवाला तोवर जिन्यात बसून दोन-तीन फोन उरकतो.

“इतकी वर्षं झाली लग्नाला,” काकू सांगतात, “आमच्यात भांडण म्हणून कधी झालं नाही. ऑडिट होतं.”

अशा माणसाचं कॉम्प्युटरशी जमणार नाही असं कुणालाही वाटेल. सुरुवातीला जमत नव्हतंच. १९८४ मध्ये रंगराजन समितीनं बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा मांडला आणि शाखाशाखांतून ‘एएलपीएम’ नावाचं लेजर पोस्टिंगचं यंत्र येणार असं दिसायला लागलं, तेव्हा युनियनच्या मोर्चात काका पुढून तिसऱ्या रांगेत होते. पण घोषणा द्यायच्या तर शत्रूची माहिती हवी, म्हणून त्यांनी त्या यंत्राचं मॅन्युअल मिळवून अथपासून इतिपर्यंत वाचलं. पुढे यंत्र शाखेत आलं, तेव्हा अख्ख्या शाखेत मॅन्युअल वाचलेला माणूस एकच निघाला. मोर्चा संपला आणि यंत्रासमोरची खुर्ची काकांची झाली. त्यानंतर कोअर बँकिंग आलं, जुनी खाती नव्या सिस्टिमवर चढवायच्या रात्री काकाच शाखेत जागले. “विरोध अभ्यास करून करावा,” ते सांगतात, “हरलो तरी काम आपल्याकडेच येतं.” तेव्हापासून कॉम्प्युटरकडे ते नव्या कारकुनाकडे बघावं तसं बघतात. मुलगा हुशार आहे, हात जलद आहे, पण अजून प्रोबेशनवर.

तर या काकांच्या नातीला, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, जावाच्या प्रॅक्टिकलमध्ये एक असाइनमेंट आली: बँक अकाउंटचा क्लास लिहा.

बाहेरच्यांसाठी सांगतो. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग शिकवणारं बहुतेक प्रत्येक पुस्तक पहिल्या दोन-तीन प्रकरणांत बँकेत जातंच. कारण सोपं आहे. या पद्धतीत माहिती आणि त्या माहितीवर चालणारी कामं एकत्र बांधायची असतात. एकदा साचा लिहायचा, तो क्लास; त्यातून हवी तेवढी खाती काढायची, ती ऑब्जेक्ट्स. खात्याला नाव, नंबर, बॅलन्स. कामं तीन: भरणे, काढणे, शिल्लक दाखवणे. तीस-चाळीस ओळींत बँक उभी राहते. मी ऐरोलीला एका कंपनीत याच धंद्यात आहे आणि मीही याच बँकेत उमेदवारी केलेली आहे. जगातल्या लाखो पोरांनी ही बँक बांधली असेल. पण खरा बँकवाला तपासणीला येऊन बसला, असं क्वचितच घडलं असावं.

नातीनं प्रोग्राम आजोबांना कौतुकानं दाखवला. काकांनी चष्मा बदलला, पॅड काढलं आणि लाल पेनाचं टोपण उघडलं. मला ‘जरा वर ये’ असा निरोप आला तो तेव्हा.

“हे खातं उघडलं कुणी?”

“कन्स्ट्रक्टरनं, आजोबा.”

“तो अधिकारी आहे का?”

“तसं नाही हो. नवीन ऑब्जेक्ट बनवताना आपोआप चालणारी मेथड असते ती.”

“आपोआप खातं? आधार नाही, पॅन नाही, नमुना सही नाही? बरं, आणि हे पाच हजार?”

“सुरुवातीचा बॅलन्स आहे.”

“कुठून आला?”

नात माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, “काका, ते उदाहरणादाखल दिलेत.”

“उदाहरणादाखल बँकेत पैसे येत नाहीत,” काका म्हणाले. “खात्यात पाच हजार जमा झाले, म्हणजे कुठेतरी पाच हजार नावे पडले असले पाहिजेत. रोख आली असेल तर रोकड खातं कुठाय? चेक असेल तर क्लिअरिंग कुठाय? अरे, १४९४ साली व्हेनिसमध्ये त्या लुका पॅचोलीनं पुस्तकात छापून ठेवलंय, प्रत्येक जमेला एक नावे. पाचशे वर्षं झाली त्याला. तुमच्या जावाच्या मंडळींपर्यंत टपाल पोचलं नाही?”

लाल शाईत पहिला शेरा पडला: ‘एकतर्फी नोंद.’

मग काका ‘प्रायव्हेट’ या शब्दाशी अडले. नातीनं समजावलं, की बॅलन्स हा आतला माल. बाहेरच्या कुठल्याही कोडला त्याला थेट हात लावता येत नाही. जे काय करायचं ते खात्याला सांगायचं आणि खातं आपल्या मेथडमधून ते करणार. काका खुर्चीतून अर्धे उठले.

“म्हणजे काउंटरची जाळी! पैसे हवेत तर स्लिप भर, खिडकीत दे, टोकन घे, बस. जाळीतून हात घालायचा नाही. वा! हे ज्यानं काढलं तो बँकेतला असणार.”

मी सांगितलं, की ही क्लास-ऑब्जेक्टची पद्धत काढली ओस्लोमध्ये, १९६० च्या दशकात, दाल आणि नीगार्ड या दोघा नॉर्वेजियन माणसांनी. त्यांच्या भाषेचं नाव सिम्युला. रांगेत कोण किती वेळ थांबेल, कुठल्या ठिकाणी काम तुंबेल, असल्या प्रश्नांचं कॉम्प्युटरवर नाटक उभं करून बघायचं, यासाठी ती होती.

“रांग म्हटल्यावर काउंटर आलाच,” काकांनी निकाल दिला. “मूळ आमचंच.”

हा आनंद पुढच्या पानापर्यंत टिकला. पुढच्या पानावर ‘सेट-बॅलन्स’ नावाची मेथड होती. हवा तो आकडा द्या, बॅलन्स तेवढा होतो.

“हे कुणी लिहिलं?”

“मी नाही,” नात घाईघाईनं म्हणाली. “एडिटरच लिहून देतो. एक बटण दाबलं की सगळ्या प्रायव्हेट गोष्टींची गेट आणि सेट तयार होतात.”

काका बराच वेळ बोलले नाहीत. मग शांतपणे म्हणाले, “म्हणजे दाराला कुलूप लावायचं आणि किल्ली दारालाच टांगायची.” शेरा दुसरा: ‘गंभीर.’ खाली दोन रेघा.

इथवर कागदावरची तपासणी झाली. मग प्रत्यक्ष तपासणी. काकांनी की-बोर्ड पुढे ओढला आणि एका बोटानं पाचशे रुपये भरले. मग उणे पाचशे भरून बघितले. प्रोग्रामनं मुकाट्यानं घेतले आणि बॅलन्स पाचशेनं कमी केला. काकांच्या चेहऱ्यावर एक भाव आला. तो मी आधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी ‘काढणे’मध्ये जाऊन उणे दहा हजार टाकले. प्रोग्रामनं विचार केला: मागितलेली रक्कम शिल्लकीपेक्षा कमी आहे ना? आहे. मग देऊन टाका. उणे दहा हजार वजा झाले आणि खात्यात दहा हजारांची भर पडली. सगळी नोकरी पैशाचाही फरक न करता काढलेल्या माणसानं पहिल्याच दरोड्यात, एका बोटानं, घरबसल्या दहा हजार मिळवले.

“अगं ए,” त्यांनी स्वयंपाकघरात हाक मारली, “इकडे ये, मी काय केलंय बघ.”

काकू आल्या, बघितलं, आणि म्हणाल्या, “परत ठेवा.”

मग काकांनी दहा पैसे भरले. त्यावर वीस पैसे भरले. नवं खातं, शून्य शिल्लक, साधा हिशेब. पडद्यावर आलं: ०.३०००००००००००००००४.

“हे चार कुणाचे?”

आता माझी पाळी होती. मी समजावलं, की कॉम्प्युटर दोनच अंकांत मोजतो. एक तृतीयांश जसा दशांशात कधीच पुरा लिहून होत नाही, तसा एक दशांश त्या पद्धतीत पुरा लिहून होत नाही. जवळात जवळचा आकडा ठेवतात, आणि बेरजा करता करता ती बारीक खोट वर येते. फरक अगदीच नगण्य आहे.

“फरक नगण्य नसतो. फरक असतो किंवा नसतो.”

आणि मग काकांनी नातीला बॅलन्सिंगच्या रात्री सांगितल्या. दिवसाचे सगळे व्यवहार झाले, लेजरची बेरीज एक सांगते, जनरल लेजर दुसरंच. जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. जुना अधिकारी कागदांना हात लावायच्या आधी फरकाकडे बघतो. दोनशे सत्तरचा फरक आहे? नवानं भाग जातोय? मग कुणीतरी अंक उलटे लिहिलेत. ७,६३० चे ७,३६० झालेत, तेवढंच शोधा. नवानं जात नाही? मग निम्मा करा. आठशेचा फरक असेल तर चारशेची नोंद बघा, जमेची नावे पडली असेल. फरक हा काही गोंधळ नव्हे, फरक बोलतो, असं काका म्हणाले. “पाच पैशांसाठी आम्ही शेवटची कर्जत सोडून दिली आहे.”

“आणि नाहीच सापडला तर?” नातीनं विचारलं.

“सस्पेन्सला टाकायचा.”

“म्हणजे?”

“सस्पेन्स खातं. ज्याचा ठावठिकाणा लागत नाही ते तात्पुरतं तिथं. खात्यात तात्पुरतं, डोक्यात कायम. सुटेपर्यंत झोप नाही, आणि ऑडिटर पहिल्यांदा तेच उघडतो.”

नातीनं त्या रात्री दशांश काढून टाकले आणि सगळे हिशेब पूर्ण पैशांत केले, पूर्णांकात. धंद्यात आम्ही हेच करतो किंवा दशांशासाठी वेगळा प्रकार वापरतो. पण ते आम्हाला पुस्तकानं शिकवलं. तिला कर्जत लोकलनं शिकवलं.

खरा स्फोट झाला तो व्याजावर. असाइनमेंटमध्ये ओळ होती: बॅलन्सवर चार टक्के व्याज लावा. नातीनं लिहिलं होतं, बॅलन्स गुणिले चार, भागिले शंभर.

“कुठल्या दिवसाचा बॅलन्स?” काका म्हणाले.

“आजचा.”

“आज सकाळी एक लाख भरून संध्याकाळी व्याज मागितलं तर वर्षाचं देशील?”

काका मग उभं राहून बोलायला लागले. ३१ मार्च २०१० पर्यंत बचत खात्याचं व्याज कसं होतं? महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत जी कमीत कमी शिल्लक असेल तिच्यावर. महिनाभर लाख रुपये ठेवा आणि अठ्ठावीस तारखेला पाचशेवर आणा, व्याज पाचशेवर. अकरा तारखेला पैसे भरणारा माणूस त्या महिन्यापुरता धर्मादाय करत असे. १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकीवर आलं. “जुना नियम घे नाहीतर नवा घे, आज किती आहेत ते कळून उपयोग नाही. कधी किती होते ते कळायला हवं. तुझ्या खात्याला कालचं काही आठवतं का?”

खात्याला कालचं काही आठवत नव्हतं. त्याच्याकडे एकच आकडा होता आणि दर व्यवहाराला तो जुना पुसून नवा लिहीत होता.

“पुसतं?” काकांनी खालच्या आवाजात विचारलं.

बँकेत पुसत नाहीत, हे आम्हाला ऐकायला मिळालं. खोडरबर नाही, व्हाइटनर नाही. चूक झाली तर एक आडवी रेघ, वरचं वाचता आलं पाहिजे, शेजारी छोटी सही. पोस्टिंगच चुकलं असेल तर उलटी नोंद घालायची. चूकही लेजरमध्ये राहते आणि दुरुस्तीही राहते. आणि मग काकांनी ते वाक्य टाकलं, जे मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात फळ्यावर लिहिलं: “बॅलन्स ही ठेवायची वस्तू नाही, काढायची आहे. ठेवायच्या त्या नोंदी.”

आमच्या धंद्यात याला ‘इव्हेंट सोर्सिंग’ म्हणतात. घडलेली प्रत्येक गोष्ट ओळीनं साठवायची, काहीही बदलायचं नाही, आणि सद्यस्थिती त्या ओळींवरून मोजायची. त्यावर परिषदा भरतात, टी-शर्ट वाटतात. काकांकडे हे ज्ञान बनियनवर होतं.

त्यानंतर नातीनं एकेक क्लास वाढवत नेला. नोंद वेगळी, व्हाउचर वेगळं, खातं वेगळं, खातेदार वेगळा. एका खात्याला दोन खातेदार असू शकतात आणि ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ असं चालवता येतं, हे कळल्यावर तिनं विचारलं, “हयात म्हणजे?”

“म्हणजे एक गेला तर दुसरा. तुझ्या बँकेत माणसं मरतच नाहीत, हा दोष लिहायचा राहिला माझा.” आणि त्यांनी लिहिला. खाली नॉमिनीचाही मुद्दा घातला. नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी देता येतात, तेव्हा एकाच नावाची जागा पुरणार नाही. दोन वर्षं हात न लावलेलं खातं ‘इनऑपरेटिव्ह’ होतं, तेही त्या बँकेला माहीत नव्हतं.

मग इनहेरिटन्स आलं. बचत, चालू, मुदत ठेव ही सगळी ‘खातं’ या मूळ क्लासची मुलं. मूळ खात्याकडे जे आहे ते मुलांना आपोआप मिळतं. काकांना कल्पना पसंत पडली, पण मुदत ठेवीनं वडिलांकडून ‘काढणे’ हा गुण उचललेला दिसला. म्हणजे ठेव मधेच हवी तेवढी काढता येत होती. नातीनं तोड काढली: ठेवीच्या क्लासमध्ये ‘काढणे’ लिहायचं आणि त्यात नुसता नकार द्यायचा.

“मग वडिलांच्या नावावर व्यवहार करायला आलेला माणूस तोंडावर आपटणार,” काका म्हणाले. “खातं म्हणून आत घेतलंत, तर खात्यासारखं वागलं पाहिजे.”

मी म्हटलं, “काका, हेच बार्बरा लिस्कॉव्ह नावाच्या बाईंनी १९८७ मध्ये एका भाषणात मांडलं. मूळ प्रकाराच्या जागी मूल ठेवलं, तर कुणाचं काही बिघडता कामा नये. आमच्यात त्यांच्या नावानं नियम आहे.”

“कुठल्या बँकेत होत्या?”

“प्राध्यापक आहेत. एमआयटीत.”

“असतील. पण एकदा तरी ब्रँच ऑडिट केलेलं असणार.”

काकांना नियमांचं यंत्र समजणारे लोक आमच्याकडे पुष्कळ आहेत. मीही त्यातच होतो, सहीचा विषय निघेपर्यंत. नातीनं ‘सही जुळते का’ अशी मेथड लिहिली होती. उत्तर खरं किंवा खोटं. काका त्या ओळीवर थांबले.

पेन्शनच्या दिवशी, ते म्हणाले, म्हाताऱ्या बायका यायच्या. सही उमेदीत दिलेली, कार्डावर ठसठशीत. आता हात थरथरतो. पहिलं अक्षर येतं, मग पेन थांबतं, आडनाव खाली घसरतं. नियमानं स्लिप परत करायची: ‘सही जुळत नाही.’ ती बाई कल्याणपलीकडून गाडी बदलून आलेली. मग काका नमुना सहीचं कार्ड काढायचे, नीट बघितल्यासारखं करायचे, आणि फोन आल्याचं निमित्त काढून उठायचे. कार्ड काउंटरवर तसंच, तिच्याकडे तोंड करून. परत येईपर्यंत बाईनं बघून बघून दुसरी सही केलेली असायची.

“जुळायची?” नातीनं विचारलं.

“जुळायला हवी तेवढी.”

“पण आजोबा, हे नियमाबाहेर आहे.”

“शंभर टक्के. म्हणून त्याची नोंद नाही.”

लेजरकाकांच्या तोंडून हे वाक्य आल्यावर काकूही दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी घाईघाईनं पॅड उघडलं आणि सहीच्या मेथडपुढे लिहिलं: ‘अधिकाऱ्याच्या विवेकावर.’ नातीनं तेव्हा तिथे खरं-खोट्याच्या जोडीला तिसरं उत्तर घातलं: ‘साहेबांना विचारा.’

प्रॅक्टिकलची परीक्षा एका शनिवारी होती. बाकीच्यांचे प्रोग्राम पान-दीड पानाचे. हिचं बाड बघून बाहेरून आलेल्या परीक्षकांनी आधी कॉलेजच्या सरांकडे बघितलं, मग प्रोग्राम चालवला. पडद्यावर अक्षरं आली: ‘आज महिन्याचा चौथा शनिवार. बँक बंद आहे.’ १ सप्टेंबर २०१५ पासून दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात, आणि काकांनी ते विसरू दिलं नव्हतं. नातीनं कॉम्प्युटरची तारीख शुक्रवारवर नेली. परीक्षकांनी हजार रुपये भरले. उत्तर आलं: ‘व्हाउचर क्रमांक १ पासिंगसाठी प्रलंबित.’ त्यांनी स्वतःच पास करायचा प्रयत्न केला. उत्तर: ‘ज्यानं लिहिलं त्याला पास करता येणार नाही.’ शेवटी कॉलेजचे सर दुसऱ्या खुर्चीत बसले आणि दोन प्राध्यापकांनी मिळून हजार रुपये जमा केले. परीक्षक आता इरेला पेटले होते. त्यांनी उणे दहा हजार काढून बघितले. सकाळपासून प्रत्येक प्रोग्राममधून त्यांनी असेच पैसे मिळवले होते. इथे व्हाउचरच स्वीकारलं गेलं नाही. परीक्षकांनी हात मागे घेतला आणि विचारलं, “कुणाच्या मार्गदर्शनाखाली केलंस?”

“ब्रँच ऑडिट झालंय सर याचं,” ती म्हणाली.

वीसपैकी अठरा मिळाले. नातीनं गुणपत्रकाचा फोटो घरी आणला, पेढे आले, मलाही बोलावलं. काकांनी पेढा डाव्या हातात धरला आणि उजव्या हातानं बेरीज केली. चार रकाने: पाच, चार, चार, चार.

“सतरा होतात.”

घर गप्प झालं.

“एकाचा फरक. नवानं भाग जात नाही, म्हणजे अंक उलटे नाहीत. निम्मा केला तर अर्धा, अर्धे मार्क कुणी दिलेले नाहीत, म्हणजे चुकीच्या बाजूलाही पडलेला नाही. साधी बेरजेची चूक आहे.” आणि त्यांनी पॅड ओढून प्राचार्यांना पत्र लिहायला घेतलं: ‘माझ्या नातीस एक गुण अधिक दिला गेला आहे, तरी तो परत घ्यावा, ही विनंती.’ नात रडकुंडीला आली. मी म्हटलं, की परीक्षकांनी एकूण काम बघून एक वाढवला असेल. “मग रकान्यात दाखवायला हवा होता,” काका म्हणाले, तारीख घातली, सही केली आणि कागद काकूंपुढे सरकवला.

काकूंनी तो वाचला. दोनदा वाचला. मग पेन बाजूला ठेवलं.

“मी पास करत नाही.”

“कारण?”

“साहेबांना विचारा,” काकू म्हणाल्या, “असं लिहिलंय ना कुठेसं?”

नियमापुढे काकांचा इलाज नव्हता. पत्र फाडताही येईना, कारण काका कागद फाडत नाहीत. त्यांनी त्यावर आडवी रेघ मारून ‘रद्द’ लिहिलं आणि फाइलला लावलं. मग वही उघडून नव्या पानावर नोंद केली: एक गुण, नातीच्या नावे, सस्पेन्स.

नातीनं डोळे पुसले, खांद्यावरून वाकून नोंद वाचली आणि विचारलं, “आजोबा, यावर व्याज?”

“सस्पेन्सला व्याज नसतं,” काका म्हणाले, आणि पेढा खाल्ला.